‘आपण सगळे एकच’ म्हणणाऱ्यांचं युद्ध आणि युक्रेनची कविता

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वाचनवर्ग चालतो. दहा-बारा पोरं-पोरी येतात, कधी पाचच. मध्यंतरी सलग तीन रविवार मी तिथे युक्रेनच्या कवींची इंग्रजी भाषांतरं मोबाईलवरून वाचून दाखवली, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगत. तिसऱ्या रविवारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा उठून म्हणाला, “दादा, गोऱ्यांच्या भांडणात आपलं काय काम? तिथल्या स्टेशनांवर काळ्या पोरांना, आपल्या पोरांना गाडीत चढू दिलं नाही. गाझावर बॉम्ब पडले तेव्हा हेच युरोपवाले गप्प. आणि आपल्याकडं रोज ॲट्रॉसिटी होतेय. ते सोडून ह्यांच्या कविता कशाला?”

प्रश्न रास्त आहे. चळवळीतल्या तरुणाने तो विचारलाच पाहिजे. म्हणून हा लेख.

आधी जे खरं आहे ते मान्य करून टाकू. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या दिवसांत युक्रेनमधून बाहेर पडताना आफ्रिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना गाड्यांमधून, सीमेवरच्या रांगांमधून मागे ढकललं गेलं. आफ्रिकन युनियनने त्यावर जाहीर निवेदन काढलं. त्याच दिवसांत पाश्चात्त्य वाहिन्यांवर काही जण ‘निळ्या डोळ्यांची, आपल्यासारखी माणसं’ मरताहेत म्हणून कळवळत होते. जणू इराकी, सीरियन, पॅलेस्टिनी माणसं मरण्यासाठीच जन्माला आलेली असतात! हे लपवून कुणाला सहवेदना शिकवायची असेल तर ती आपल्याला नको.

पण दुसऱ्या बाजूने बघा. हे युद्ध आपण पाहिलं कुठून? टीव्हीवरच्या नकाशातून. लाल बाण, निळे बाण, पुतिन काय म्हणाले, नाटोने काय केलं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाला सैन्य मागे घ्यायला सांगितलं, पाच देशांनी विरोध केला आणि ३५ तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये आपला देश होता. पुढे स्वस्त तेल आलं आणि युद्ध हा बातम्यांमधला एक भाव होऊन बसला. खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी तोफगोळ्याने मेला, तर आपल्याकडच्या सवर्ण मंडळींनी त्याच्या मढ्यावर उभं राहून आरक्षणाच्या नावाने गळा काढला. म्हणजे युद्ध कुणाचंही असो, बघणारा डोळा सत्तेचा आणि जातीचाच असतो. तो डोळा बाजूला ठेवून बघायचं तर ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याचं ऐकावं लागतं. बातमीला ते दोन मिनिटांपलीकडे परवडत नाही. कविता मात्र तिथेच मुक्काम करते.

युक्रेनच्या कवितेचा आरंभ शोधत गेलात तर तुम्हाला राजा भेटणार नाही की पुरोहित. तरास शेवचेन्को भेटेल, १८१४ साली जन्मलेला एक भूदास. भूदास म्हणजे जमिनीबरोबर मालकाची मालमत्ता असलेला माणूस. लहानपणीच आई-बाप गेले. मालकाच्या घरात हरकाम्या पोऱ्या म्हणून राबायचं आणि चोरून चित्रं काढायची. एकदा रात्री मेणबत्ती लावून चित्र काढताना सापडला म्हणून मालकाने फटके मारायला लावले. शिकण्याबद्दल फटके खाणारा पोरगा आपल्याला नवा नाही. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या काही कलावंतांनी एका प्रसिद्ध कवीचं तैलचित्र सोडतीत काढलं, त्यातून २५०० रुबल उभे केले आणि १८३८ मध्ये मालकाला ते मोजून तरासला सोडवलं. तो सुटला, पण त्याचे भाऊ-बहिणी भूदासच राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे घाईघाईने बरोबरीची चिन्हं टाकायची सवय आहे. भूदास म्हणजे अस्पृश्य नव्हे. तरासच्या सावलीने कुणी बाटत नव्हता. त्याची सुटका पैसे मोजून विकत घेता आली. आपल्या आज्याला गावकुसाबाहेरून सोडवायला जगातली कुठलीही सोडत पुरली नसती. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना हा फरक नीट मांडला आहे. दोन्ही दुःखं एक नाहीत. ओळख पटायला ती एक असावीच लागतात असंही नाही.

सुटलेल्या तरासने १८४० मध्ये ‘कोबझार’ हा कवितासंग्रह काढला, तोही शेतकऱ्यांच्या भाषेत, जिला राज्यकर्ते भाषा मानायलाच तयार नव्हते. १८४७ मध्ये त्याला अटक झाली. साधा शिपाई म्हणून त्याला दूर ओरेनबर्गच्या प्रदेशात धाडलं आणि शिक्षेच्या हुकमावर झार पहिल्या निकोलसने स्वतःच्या हाताने शेरा मारला की याला लिहायला आणि चित्र काढायला बंदी. मनुस्मृती वाचलेल्यांना या शेऱ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. तरासने काय केलं? बोटभर वह्या शिवल्या आणि बुटात लपवून कविता लिहिल्या. दहा वर्षं तो हद्दपार होता. पुण्यात सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हा माणूस कॅस्पियन समुद्राकाठच्या एका किल्ल्यात कैद्यासारखा दिवस काढत होता. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही.

पण माझ्या मते शेवचेन्को आपल्याला जवळचा वाटायला हवा तो त्याच्या ‘काकेशस’ या १८४५ च्या कवितेमुळे. त्या काळात रशियन साम्राज्य काकेशस पर्वतातल्या चेचेन, चेर्केसी वगैरे मुस्लीम जमातींना चिरडत होतं. या युद्धात शेवचेन्कोचा एक जिवलग मित्र मारला गेला, पण तो रशियाच्या बाजूने लढताना. कवीने काय लिहायला हवं होतं? शत्रूला शिव्या घालणारं शोकगीत. त्याने कविता त्या मित्रालाच अर्पण केली आणि कवितेत उभा राहिला डोंगरातल्या त्या लोकांच्या बाजूने. धर्म वेगळा, भाषा वेगळी, मित्राचा जीव त्यांच्या गोळीने गेलेला, तरी त्याला कळलं की खरा मारेकरी झार आहे, ज्याने मित्राला परक्याच्या रक्तासाठी तिथे पाठवलं. गोऱ्यांचं भांडण म्हणणाऱ्या आपल्या पोराला मी हे आधी सांगायला हवं होतं. आणखी एक सांगायचं राहिलं. १८५८ मध्ये आयरा आल्ड्रिज हा अमेरिकेतला काळा नट शेक्सपिअरची नाटकं घेऊन सेंट पीटर्सबर्गला आला, तेव्हा त्याची सर्वांत घट्ट मैत्री झाली ती या माजी भूदासाशी. शेवचेन्कोने काढलेलं त्याचं चित्र आजही आहे.

आता दुसरी बाजू. कविता आहे म्हणून ती आपोआप पीडिताच्या बाजूची होत नाही. १८३०-३१ मध्ये पोलंडने उठाव केला, तेव्हा महाकवी पुश्किनने कविता लिहून युरोपला बजावलं की हे स्लाव लोकांचं घरातलं भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका. घरातलं भांडण! हे शब्द कानावर पडले की मला २००१ ची डर्बन परिषद आठवते. जातीचा प्रश्न वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत येऊ नये म्हणून आपल्या सरकारने तेव्हा जिवाचं रान केलं. जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, म्हणे. मारणारा नेहमी घराचं दार लावून घेतो.

जुलै २०२१ मध्ये, आक्रमणाच्या काही महिने आधी, पुतिन यांनी एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की रशियन आणि युक्रेनियन ही एकच जनता आहे. ऐकायला किती गोड! आपल्याकडे याच गोडव्याला ‘समरसता’ म्हणतात. तुम्ही-आम्ही एकच, मग वेगळी ओळख कशाला, वेगळा धम्म कशाला, वेगळं नाव कशाला. समतेचा शब्द टाळून एकतेचा शब्द पुढे केला की समजावं, कुणाला तरी गिळायची तयारी चालू आहे. युक्रेनियन भाषेतल्या पुस्तकांवर झारने १८६३ आणि १८७६ मध्ये बंदी घातली, तेव्हाही तर्क हाच होता. ही वेगळी भाषाच नाही, आमच्याच भाषेचं बिघडलेलं रूप आहे. ज्यांच्या बोलीला शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून हसलं गेलं, त्यांना हा तर्क पाठ आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात, विशेषतः डाव्या चळवळीतून आलेल्यांच्या मनात, रशियाबद्दल हळवा कोपरा आहे. माझ्याही मनात होता. त्याचं एक कारण अण्णा भाऊ साठे. स्टालिनग्राड पेटलं होतं तेव्हा मुंबईतल्या या मातंग समाजाच्या गिरणी कामगाराने ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. ते शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. रशियाचा प्रवास त्यांच्या वाट्याला आला थेट १९६१ मध्ये. तरी हजारो मैलांवरच्या शहरासाठी इथला कामगार डफाच्या थापेवर उभा राहिला. म्हणजे ‘त्यांच्या युद्धाचं आपल्याला काय’ हा प्रश्न आपल्या शाहिराने तेव्हाच निकालात काढला होता. पण तो पोवाडा झेंड्याच्या रंगासाठी होता की वेढ्यात अडकलेल्या शहरासाठी? माझ्या मते शहरासाठी. आणि त्या लाल सैन्यात लाखो युक्रेनियन होते हेही लक्षात ठेवा. २०२२ मध्ये वेढ्यात कोण अडकलं? मारियुपोल. रोज तोफा कुणावर? खारकीव्ह. अण्णा भाऊंशी इमान राखायचं तर गाणं तिकडे जायला हवं.

कवितेने काय होतं, हा प्रश्न तिथल्या लेखकांनाही पडला. विक्टोरिया अमेलिना कादंबरीकार होती. आक्रमण झाल्यावर कादंबरी थांबली आणि ती कविता लिहू लागली. त्याचबरोबर गावोगाव फिरून युद्धगुन्ह्यांची नोंद करू लागली, आपले कार्यकर्ते सत्यशोधन समिती घेऊन जातात ना, तशी. इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का गावात वोलोदिमिर वाकुलेन्को नावाचा कवी राहत होता. मुलांसाठी लिहायचा. मार्च २०२२ मध्ये रशियन सैनिकांनी त्याला उचलून नेलं. नेण्याआधी त्याने आपली डायरी बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. गाव मुक्त झाल्यावर, सप्टेंबरमध्ये, अमेलिनाने त्याच्या वडिलांबरोबर जमीन उकरून ती डायरी बाहेर काढली. कवीचं प्रेत इझ्यूमच्या जंगलातल्या सामूहिक दफनभूमीत ३१९ क्रमांकाच्या खड्ड्यात निघालं. डायरी छापली गेली. पुढच्या वर्षी, जून २०२३ मध्ये, क्रामातोर्स्कच्या एका उपाहारगृहावर रशियन क्षेपणास्त्र पडलं. तिथे जखमी झालेली अमेलिना १ जुलैला गेली.

हे वाचताना मला विलास घोगरे आठवले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी आपल्या दहा माणसांना गोळ्या घातल्या. चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. सत्तेची गोळी शाहिराला लागायला तो त्या रस्त्यावर असावाच लागतो असं नाही.

काही जण शांततावादी बाजूने आक्षेप घेतील की आपण बुद्धाची लेकरं, लढणाऱ्यांच्या कविता कशा वाचायच्या? त्यांनी बाबासाहेबांकडे पुन्हा जावं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायला विरोध केला म्हणून. पण ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’मध्ये बाबासाहेब वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग सांगतात. त्याला तथागत सांगतात, शांततेचे सगळे मार्ग खुंटल्यावर न्यायासाठी आणि रक्षणासाठी लढणाऱ्याला दोष देता येत नाही, हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर जाते. रोहिणीचा सिद्धार्थ आक्रमक व्हायला नकार देतो. वैशालीच्या सेनापतीला शरण जायला सांगितलेलं नाही. दोन्ही एकत्र वाचले तर युक्रेनच्या बाबतीत गोंधळ उरत नाही.

आणि हो, रशियाच्या बाजूने मरतंय कोण? बुर्यात, तुवा, दागेस्तानसारख्या दरिद्री, बिगर-रशियन प्रदेशांतली पोरं मोठ्या प्रमाणात. नोकरीचं आमिष दाखवून एजंटांनी नेलेले आपल्या देशातले काही गरीब तरुणही त्या आघाडीवर मेले, २०२४ मध्ये हे उघड झालं. शेवचेन्कोच्या मित्राला काकेशसमध्ये पाठवणारी व्यवस्था अजून चालू आहे.

त्या पोराला हे सगळं मी एका दमात सांगितलं नाही. त्याला मी एक काम दिलं. ओस्ताप स्लिविन्स्की या ल्विव्हच्या कवीने, स्टेशनावर उतरणाऱ्या निर्वासितांशी बोलून, युद्धात अर्थ बदललेल्या साध्या साध्या शब्दांचा एक कोश केला आहे. ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आलं, तेव्हा विजय तेंडुलकरांना प्रस्तावना लिहिण्याआधी त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले होते, हे आमच्या पोरांना माहीत आहे. म्हटलं, यातल्या चार-पाच नोंदी मराठीत आण. जमलं तर पुढच्या रविवारी वाचू.

तो आला आणि अडला ते भिंतीवर. तिकडे लोकांना एक नियम पाठ झालाय, सायरन वाजला आणि तळघरापर्यंत पोचता आलं नाही तर घरात अशा जागी बसायचं जिथे तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये दोन भिंती असतील. पहिली भिंत स्फोट झेलते, दुसरी काचा आणि तुकडे. म्हणून माणसं रात्र-रात्र बोळात, न्हाणीघरात झोपतात. पोराने हे मराठीत नीट लिहिलं होतं. मग वही बंद केली आणि आजूबाजूला बघत म्हणाला, “दादा, आपल्या खोलीला दुसरी भिंत कुठंय?”