कॅफिन गेले, चव का जावी?

कच्च्या कॉफीचे दाणे हिरवट-करडे असतात. कॅफिन काढलेले दाणे मात्र भाजण्याआधीच तपकिरी दिसतात आणि त्यांच्या अंगावरचा चंदेरी पापुद्रा जवळपास निघून गेलेला असतो. कॉफी भाजणाऱ्याची इथे पंचाईत होते. एरवी तो दाण्याच्या रंगावर नजर ठेवतो, तडतडीकडे कान लावून बसतो. डिकॅफचा रंग पहिल्यापासूनच फसवा, आणि तडतडही दबकी. लक्ष जरा ढळले की दाणे करपतात, वर तेल सुटते. तो कडवट कप ज्याच्या वाट्याला येतो, त्याची समजूत होऊन बसते की डिकॅफ अशीच लागायची.

ही समजूत जुनी झाली. कॅफिन कडू असते खरे, पण कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा थोडाच. वास, फळांसारखा आंबटगोडपणा, जिभेवरचा दाटपणा हे सगळे दाण्यातल्या इतर शेकडो द्रव्यांचे देणे. कॅफिन काढताना त्यांतले काय काय सोबत वाहून गेले, त्यावर कपाची चव ठरते.

पाण्याने कॅफिन काढण्याच्या पद्धतीची सारी हुशारी इथेच आहे. पाकात मुरलेला गुलाबजाम साध्या पाण्यात टाकला तर त्याची साखर पाण्यात उतरते. तोच तितक्याच गोड पाकात ठेवला तर गोडी जागची हलत नाही. कॉफीसाठीही असाच एक ‘पाक’ तयार करतात. दाण्यांचा पहिला घाणा गरम पाण्यात भिजवला की कॅफिन आणि चवीची विद्राव्य द्रव्ये दोन्ही पाण्यात येतात. ते पाणी सक्रिय कोळशातून गाळतात. कोळसा कॅफिन धरून ठेवतो, बाकीची द्रव्ये पाण्यातच राहतात. निचोड गेलेले ते पहिले दाणे टाकून देतात. मग नवे दाणे या भरलेल्या पाण्यात घालतात. चवीच्या द्रव्यांना बाहेर पडायला पाण्यात जागाच नसते. जागा असते ती फक्त कॅफिनला. पाणी पुन्हा कोळशातून फिरते, पुन्हा दाण्यांवर येते. आठ-दहा तासांत दाण्यातले 99.9 टक्के कॅफिन निघून जाते. थोडीफार चव हलते, हेही मान्य करायला हवे. पण चांगल्या दाण्याची ओळख शिल्लक राहते.

या पद्धतीचे मूळ 1930च्या दशकातल्या स्वित्झर्लंडमध्ये. व्यापारी पातळीवर ती यायला 1980 उजाडले, आणि ‘स्विस वॉटर’चा कारखाना 1988 मध्ये उभा राहिला तो कॅनडात, व्हँकूवरजवळच्या बर्नाबीत. आता तो त्याच भागातल्या डेल्टा इथे आहे. म्हणजे इथिओपियाचा दाणा आधी कॅनडाला जातो, तिथे पाण्यातून निघतो, वाळतो आणि मग भाजणाऱ्याकडे पोहोचतो. मेक्सिकोत हा फेरा वाचतो. व्हेराक्रूझ राज्यातले कोर्दोबा हे कॉफीच्याच मुलखातले गाव. 5,636 मीटर उंचीच्या पिको दे ओरिझाबाच्या परिसरातल्या या गावी देस्कामेक्स कंपनी ‘माउंटन वॉटर’ नावाने पाण्याचीच पद्धत वापरते.

पाण्याची डिकॅफ महाग पडते, त्याचे एक कारण फारसे कोणी सांगत नाही. रसायनाने काढलेले कॅफिन शीतपेयांच्या आणि औषधांच्या कारखान्यांना विकता येते. कोळशात अडकलेले कॅफिन सहसा कोळसा पुन्हा तापवताना जळून जाते; ती कमाई बुडते.

रसायनांचा इतिहासही ठाऊक असलेला बरा. फ्रीडलीब रुंगे याने 1819 मध्ये कॅफिन वेगळे केले. त्याच्या हाती कॉफीचे दाणे ठेवून हे काम सुचवले होते ते कवी गटे यांनी. पुढे ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी 1906 मध्ये काफे हाग कंपनी काढली, तेव्हा कॅफिन काढायला बेन्झीन वापरले जाई. बेन्झीनने कर्करोग होतो हे नंतर कळले. आज मिथिलीन क्लोराइड वापरतात. अमेरिकेत डिकॅफमध्ये त्याचा अंश दहा लाख भागांत 10 भागांपर्यंत चालतो. ते 40 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे भाजताना बहुतेक उडून जाते. घाबरवून सोडण्याचे कारण नाही. कोलंबियात उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या इथाइल अॅसिटेटने कॅफिन काढतात, आणि तिथली काही डिकॅफ खरोखर सुरेख असते.

मग आक्षेप कशाला? लपवाछपवीला. चांगल्या कॉफीच्या पाकिटावर चिकमगळूरच्या मळ्याचे नाव असते, उंची असते, दाण्याची जात असते, फळ धुऊन वाळवले की सालीसकट, तेही असते. त्याच दुकानातल्या डिकॅफवर पुष्कळदा एवढेच छापलेले दिसते: डिकॅफ. कॅफिन कोणत्या पद्धतीने काढले, दाणा कुठला, याचा पत्ता नसतो. ही माहिती छापायला एक ओळ पुरते. ती पाकिटावर सक्तीची व्हावी.

डिकॅफ घेणारा माणूस कॉफीत कमी रस असलेला असतो, असे धरून चालणे अन्यायाचे आहे. कुणाला धडधड होते. कुणी गरोदर असते; दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संध्याकाळी पाचला प्यायलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन रात्री दहाला अंगात असू शकते, म्हणून कुणाची झोप उडते. यांनी कॉफी सोडलेली नाही. उलट तिच्यासाठी ते जास्त पैसे मोजतात.

आणि त्यांच्यासाठी पाकिटावर आणखी एक गोष्ट ठळक हवी: भाजल्याची तारीख. भिजून, फुगून, पुन्हा वाळलेला हा दाणा एरवीच्या दाण्याहून लवकर शिळा होतो. दुकानाच्या वरच्या फळीवर महिनोन्महिने धूळ खात पडलेले पाकीट बहुधा डिकॅफचेच असते.