पतसंस्थेचे कर्ज आपल्याला दिसणार कधी?

पतसंस्थांच्या कायद्यात दुरुस्तीचा विषय निघाला की चर्चा ठेवींचे व्याजदर आणि ठेवींचे संरक्षण यांवर येऊन थांबते. ठेवीदाराची काळजी रास्तच आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द झालेला आपल्या नगर जिल्ह्याने पाहिला. तिथे निदान पाच लाखांचे विमाकवच होते, पतसंस्थेच्या ठेवीला तेही नाही. पण अकोले तालुक्यातल्या सहकारी बँकांच्या शाखाधिकाऱ्यांची जी पत्रे आमच्याकडे येतात, त्यांतले दुखणे कर्जाच्या बाजूचे आहे आणि त्याची दखल कोणी घेत नाही.

भंडारदऱ्याचेच घ्या. तिथल्या शेंडी गावातला तंबू भाड्याने देणारा एखादा तरुण काजव्यांच्या हंगामाआधी कर्ज मागतो. सिबिल स्वच्छ, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा नाही, दोन जामीनदार सहीला तयार. शाखा कर्ज देते. पावसाळा सरल्यावर कळते की पतसंस्थेचे कर्ज आधीपासून अंगावर आहे, तेच दोघे तिथेही जामीन आहेत आणि सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन पतसंस्थेचा वसुली अधिकारी आपल्याआधी दारात पोहोचला आहे. आदिवासी जमिनीचे हस्तांतर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ ने बांधलेले. त्यामुळे या पट्ट्यात सारी भिस्त जामीनदारावर, आणि तोच दोन्हीकडे अडकलेला.

कारण उघड आहे. पतमाहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्यातल्या व्याख्येत सहकारी बँका आहेत, पतसंस्था नाहीत. आपण जानेवारी 2025 पासून दर पंधरवड्याला माहिती भरू लागलो, तरी शेजारच्या पतसंस्थेचे कर्ज कुठेच उमटत नाही. राज्याने सहकारी संस्थांच्या 1960 च्या कायद्यात पतसंस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, नियामक मंडळ नेमले. कर्जदाराची नोंद मात्र राहून गेली. हे अक्षम्य आहे.

पतसंस्थांशी आपले वैर नाही. बँकेची शाखा जिथे पोहोचत नाही तिथे त्यांचा पिग्मी एजंट रोज जातो. बुडीत कर्जाने त्यांचेही तेवढेच नुकसान होते.

आणि आपल्यातल्या काही बँकांची माहिती अजूनही उशिरा व चुकीची जाते. त्यांना बोलायला तोंड कुठले? आधी ते सुधारा. कर्जदाराबरोबर जामीनदाराचाही पतसंस्थांचा बेबाकी दाखला घेतल्याशिवाय प्रकरण मंजुरीला ठेवू नका. येत्या संचालक मंडळाच्या सभेत ठराव करा: पतसंस्थांना कर्जाची माहिती भरणे राज्याने कायद्याने बंधनकारक करावे, रिझर्व्ह बँकेने त्यांना 2005 च्या कायद्याखाली आणावे. ठरावाची एक प्रत पुण्याला सहकार आयुक्तांकडे आणि एक आमच्याकडे पाठवा.