पावतीतले ग्रंथालय

प्रवेशाची धावपळ संपली, फीच्या पावत्या फाइलमध्ये गेल्या आणि आता घराघरात नवा प्रश्न उभा आहे. मूल अभ्यासाला बसणार कुठे? आमच्या कामोठ्यात वन बीएचकेच्या घरात सहा-सात माणसे राहतात. एका खोलीत दादी आजारी, दुसरीत धाकट्यांचा दंगा, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. अशा घरात पुस्तक उघडले तरी डोक्यात काही शिरत नाही.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मगरीबनंतर ती एका खासगी अभ्यासिकेत जाऊन बसते. एक टेबल, एक दिवा, वाय-फाय आणि त्याचे महिन्याला पैसे. परवा तिची अम्मी फीची पावती घेऊन आमच्याकडे आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आपा, लायब्ररीचे पैसे यात भरलेत. अनामतही घेतली आहे. मग हे दुसरे पैसे कशाचे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून मायलेकींबरोबर आम्ही कॉलेजात गेलो. प्रॅक्टिकल पाचला संपते आणि ग्रंथालयही पाचला बंद होते. वाचनकक्ष मोठा, स्वच्छ आणि जवळजवळ रिकामा. ग्रंथपाल भले गृहस्थ निघाले. म्हणाले, "मला दुसऱ्या पाळीला एक माणूस द्या, मी रात्री नऊपर्यंत उघडे ठेवतो." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कॉलेजने घेतलेली नियतकालिके घरूनही वाचता येतात, त्यासाठी लॉगिन मिळते. वर्षभरात ते मागायला बोटांवर मोजण्याइतकीच मुले आली होती. आमच्या मुलीने लॉगिनचे नावही ऐकले नव्हते.

यात दोष एकट्या कुणाचा नाही. ग्रंथालयाचे कामच बदलले आहे, पण ते ना पालकांना कळले, ना अनेक संस्थाचालकांना.

पूर्वी ग्रंथालय म्हणजे कपाट आणि त्याची किल्ली. पुस्तक एकदा विकत घेतले की ते कॉलेजचे झाले. पुढच्या वर्षी पैसे नसले तरी कपाटातले कपाटातच राहायचे. आता संशोधनाची नियतकालिके बहुतेक संगणकावर येतात आणि ती बऱ्याचदा भाड्याच्या घरासारखी असतात. वर्गणी थांबली की अनेकदा मागचे अंकही हातचे जातात. म्हणून आज ग्रंथपालाला पुस्तके सांभाळण्याबरोबर प्रकाशकांशी करार करावे लागतात, कोणते नियतकालिक किती वाचले जाते ते पाहावे लागते आणि मुलांना शोध कसा घ्यायचा ते शिकवावे लागते. एवढे काम एका माणसावर आणि एका शिपायावर टाकले तर संध्याकाळी कुलूप लागणारच.

ही वर्गणी महाग असते. म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिके. फायदा मात्र केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून अधिक संस्थांना ठरला. आपली पुष्कळ मुले विनाअनुदानित खासगी कॉलेजात शिकतात. तिथे संस्थेने खर्च केला तरच दार उघडते. म्हणून पावतीतल्या त्या ओळीचा हिशेब विचारणे हा पालकांचा हक्क आहे.

पैसे कमी असले तरी वाट निघते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे. तिथल्या ग्रंथालयाने 'कोहा' आणि 'डी-स्पेस' या मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणाली वापरल्या. कोहा न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली. माओरी भाषेत तिच्या नावाचा अर्थ भेट असा आहे. कोणते पुस्तक आहे, कोणाकडे गेले आहे, हे तिच्यातून कळते. डी-स्पेस २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने एचपी कंपनीच्या मदतीने आणली. मुलांनी शेवटच्या वर्षी केलेले प्रकल्प अहवाल तिच्यात साठवता येतात. एरवी असे अहवाल धूळ खात पडतात. इथे ते पुढच्या मुलांच्या कामी येतात. एका मुलाची मेहनत दुसऱ्यासाठी शिदोरी व्हावी, याहून चांगला सदका तो कोणता?

ही कल्पना आपल्याला नवी नाही. बगदादचा मुस्तनसिरिया मदरसा १२३४ साली सुरू झाला. त्याचे ग्रंथालय मोठे होते. तिथल्या विद्यार्थ्यांना कागद, लेखणी आणि दिव्याचे तेलही मिळत असे, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. ज्यांनी तो मदरसा उभारला, त्यांना ठाऊक होते की नुसती पुस्तके देऊन भागत नाही, रात्री वाचायला उजेडही लागतो. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम, पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहे, या अर्थाचा आहे. पाच वाजता लागणाऱ्या कुलपाला हा नियम मोडणारे म्हणायला हवे.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्यात एक काम करा. मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारा. तुझे ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? परीक्षेच्या काळात वेळ वाढते का? घरून वाचायचे लॉगिन घेतलेस का? गरजू मुलांसाठी बुक बँक आहे का? कॉलेज सोडताना अनामत परत घ्यायची असते, हे माहीत आहे का? उत्तर आले नाही तर कॉलेजात जाऊन अदबीने विचारा. भांडायला नको, पण गप्पही बसायला नको.

काही दारे आजही फुकट उघडी आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी मोबाइलवरही चालते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध दाखवते. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसीच्या मुलांना 'पबमेड'वर लेखांचे सारांश विनामूल्य दिसतात, आणि बरेच लेख पूर्णही मिळतात. कला, विज्ञान, वाणिज्य शाखेच्या मुलांनी आपल्या कॉलेजने इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' घेतली आहे का, ते ग्रंथपालांना विचारावे.

आणि थोडे आपल्या जमातींना. लग्नाचे हॉल आपण हौसेने बांधले. लग्नाचे दिवस सोडले तर त्यांतले बरेच बंद असतात. मगरीबपासून दहापर्यंत तिथे चार टेबले, चांगले दिवे आणि मुलींसाठी वेगळी, सुरक्षित जागा केली तर किती खर्च येईल? एका वलीम्यात जेवढे अन्न वाया जाते, तेवढाही नाही.

आमच्या मजल्यावरच्या मुलीला दुसऱ्याच दिवशी लॉगिन मिळाले. ग्रंथालयाची वेळ वाढवण्यासाठी अकरा पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे, त्यावर ग्रंथपालांनीही आपली शिफारस लिहिली. उत्तर अजून आलेले नाही. तोवर ती अभ्यासिकेत जाते आणि तिची अम्मी महिन्याला पैसे भरते. पावती मात्र तिने जपून ठेवली आहे.