भाड्याचं चक्र



"आत्या, आपल्या देशाने पाणबुडी भाड्याने आणली होती. खरं की खोटं?"

दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या भाच्याने आपट्याची पानं हातात ठेवता ठेवता हा प्रश्न टाकला. गडी बारावीत आहे. त्याला नौदलात जायचंय, आणि तेही पाणबुडीतच. दादा गप्प आहे. वहिनींनी मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तुमचं ऐकतो तो. जरा समजावा. पैनगंगेला पूर आला तरी आमचा जीव वरखाली होतो, आणि हा म्हणे समुद्राच्या तळाशी जाणार!"

मी बरं म्हणाले. पण समजावायचं तर आधी आपल्याला समजायला हवं. म्हणून वाचायला बसले, आणि या महिन्याचं सदर त्यातूनच निघालं.

भाच्याचं म्हणणं खरं होतं. आपण अणुपाणबुडी भाड्याने आणली, आणि एकदा नाही, दोनदा आणली. दोन्ही वेळा तिचं नाव ठेवलं 'आयएनएस चक्र'. दोन्ही वेळा ती विशाखापट्टणमला आली, आणि तेव्हा आपलं आदिलाबाद आणि विशाखापट्टणम एकाच राज्यात होतं. आज तेलंगणाला समुद्रकिनारा नाही, पण २०१४ पर्यंत आपणही किनाऱ्याच्या राज्यातली माणसं होतो, हे तुमच्या पिढीला सांगायलाच हवं.

आता अणुपाणबुडी म्हणजे काय? साधी पाणबुडी डिझेलवर आणि बॅटरीवर चालते. पाण्याखाली बॅटरी वापरायची, आणि ती उतरली की पृष्ठभागाजवळ येऊन, नळी वर काढून, हवा घेऊन इंजिन चालवायचं. शत्रू तिला नेमकं तेव्हाच गाठतो. अणुपाणबुडीत छोटी अणुभट्टी असते. तिच्या उष्णतेने वाफ होते, वाफेवर चक्की फिरते. त्यासाठी हवा लागत नाही. पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यातून, श्वासाचा प्राणवायू त्याच पाण्यातून. संपतं ते फक्त अन्नधान्य. अमेरिकेची 'नॉटिलस' १९५५ मध्ये अशी पहिल्यांदा निघाली आणि १९५८ मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुव ओलांडून गेली.

यात दोन जाती आहेत. एक लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं पोटात घेऊन लपून बसते. आपली 'अरिहंत' त्यातली. दुसरी हल्लेखोर. शत्रूच्या जहाजांचा आणि पाणबुड्यांचा माग काढणं हे तिचं काम. रात्री जागलीला फिरणारा राखणदार म्हणा. 'चक्र' या दुसऱ्या जातीची. ती अणुऊर्जेवर चालायची, पण तिच्यात अण्वस्त्रं नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे फार होते.

पहिली 'चक्र' मूळची सोविएत नौदलाची 'के-४३'. तिथे ती १९६७ मध्ये दाखल झालेली. जानेवारी १९८८ मध्ये तीन वर्षांच्या कराराने ती आपल्याकडे आली. त्याआधी आपले अधिकारी आणि नाविक सोविएत रशियात जाऊन राहिले, रशियन भाषा शिकले आणि मग अणुभट्टी शिकले. जानेवारी १९९१ मध्ये मुदत संपली आणि पाणबुडी परत गेली.

दुसरीची कथा मोठी आहे. तिचं रशियन नाव 'नेर्पा', म्हणजे सील मासा म्हणतात तो प्राणी. आमूर नदीकाठच्या कोम्सोमोल्स्क गावी १९९३ मध्ये तिचं बांधकाम सुरू झालं. सोविएत संघ मोडलेला, पैसा नाही, काम रखडलं. अखेर ८ नोव्हेंबर २००८ रोजी ती चाचणीला निघाली असताना आग विझवणारी यंत्रणा चुकून सुरू झाली. बंद जागेत विषारी वायू पसरला आणि २० माणसं गेली. त्यातली बहुतेक गोदीतली कामगार आणि तंत्रज्ञ मंडळी होती. अणुभट्टीला काही झालं नाही, पण त्या २० घरांना त्याचं काय!

तीच पाणबुडी जानेवारी २०१२ मध्ये दहा वर्षांच्या करारावर आपल्याला मिळाली. ४ एप्रिल २०१२ रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते विशाखापट्टणमला ती नौदलात आली, आणि २०२१ च्या जूनमध्ये परत निघाली.

एवढं वाचून मी वही मिटली. समजावायला माझ्या हाती भरपूर होतं. नेर्पातली २० माणसं होती. १४ ऑगस्ट २०१३ च्या रात्री मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडालेली 'सिंधुरक्षक' होती, तिच्यातले आपले १८ जण होते. ती डिझेलवरची होती, एवढाच फरक. हे सांगितलं की पोरगा गप्प बसेल असं मनात आलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे विशाखापट्टणमला गेलो. तिथे किनाऱ्यावर 'आयएनएस कुरसुरा' ही जुनी डिझेल पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली आहे. १९६९ मध्ये नौदलात आलेली, २००१ मध्ये निवृत्त झालेली, ९१ मीटर लांबीची. आत शिरलं की एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक, त्यातून वाकून, पाय आधी टाकून जायचं. एकावर एक बिछाने, शेजारीच पाणतीर. वहिनी एका बिछान्याला हात लावून थांबल्या. "एवढ्यात झोपायचं?" बास, एवढंच बोलल्या.

बाहेर वाळूवर बसून मी भाच्याला सगळं सांगितलं. नेर्पा सांगितली, सिंधुरक्षकही सांगितली. तो म्हणाला, "माहितीये आत्या. मी वाचलंय." मग म्हणाला, "पण तू एक सांगितलं नाहीस. पहिली चक्र परत गेल्यावर आपल्याकडे काय उरलं?"

उत्तर त्यानेच दिलं, आणि ते मी नंतर ताडून पाहिलं. पहिल्या 'चक्र'चे कप्तान रवी गणेश पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि आपली स्वतःची अणुपाणबुडी बांधण्याच्या प्रकल्पाचे प्रमुखही झाले. ज्याने भाड्याची चालवली, त्याच्याच हाती घरची बांधायचं काम आलं. त्या प्रकल्पाची अणुभट्टी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी घडवली. तिचा जमिनीवरचा नमुना कल्पक्कमला २००३ मध्ये सुरू झाला आणि २००६ मध्ये पूर्ण क्षमतेने चालला. त्या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आपले डॉ. अनिल काकोडकर. अरिहंतचा गिअरबॉक्स पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाला. २६ जुलै २००९ रोजी 'अरिहंत' विशाखापट्टणमलाच पाण्यात उतरली.

ऐकता ऐकता मला आमच्या आजोबांची आठवण झाली. पैनगंगा ओलांडून ते जिनिंगच्या कामाला आदिलाबादला आले, तेव्हा दोन खोल्यांत भाड्याने राहिले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच गोष्ट असेल. भाड्याच्या घरात माणूस पाहून ठेवतो की पाऊस कुठून आत येतो, चूल कुठे असती तर धूर कोंडला नसता. पुढे स्वतःचं बांधताना ते सगळं उपयोगी पडतं. घर सोडताना किल्ली मालकाला द्यावी लागते. शिकलेलं कोणी परत मागत नाही.

मात्र हल्लेखोर अणुपाणबुडी अजून आपल्या घरची नाही. मार्च २०१९ मध्ये रशियाशी तिसऱ्या भाड्याच्या पाणबुडीचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन स्वदेशी हल्लेखोर अणुपाणबुड्या बांधायला केंद्राने मंजुरी दिल्याच्या बातम्या आल्या. त्या बांधून होईतो भाच्याचं वय किती असेल, हे त्याने आधीच मोजून ठेवलंय!

परतीच्या गाडीत वहिनींनी त्यांचा खरा प्रश्न काढला. "महिना महिना पाण्याखाली. फोन नाही. मग निरोप कसा जायचा?"

याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. अगदी कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी समुद्रात काही मीटर खोल उतरतात, त्यांवरून पाणबुडीला संदेश जातो. असं एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे. दुसऱ्याची पायाभरणी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडमच्या जंगलात झाली. झाडं तुटतील, मुसी नदीच्या उगमाला धक्का लागेल म्हणून तिथल्या लोकांनी विरोध केला, आणि ते दुःखही खोटं नाही. या लहरींवरून पाणबुडी फक्त ऐकते. उत्तर देऊ शकत नाही. आणि हे निरोप कामाचे असतात, घरचे नाहीत, हेही मी वहिनींना सांगून टाकलं.

वहिनी जरा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण बोलायचं आणि त्याने नुसतं ऐकायचं. इथे घरात तर तेवढंही करत नाही!"

सगळे हसलो. दादा सर्वांत जास्त हसला, आणि मग त्यानेच उठून खिडकी लावायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मला समजवायला सांगितलं होतं, मी समजून घेऊन आले. वहिनींना तसं कबूलही केलं. अजून त्या हो म्हणालेल्या नाहीत. पण परवा जैनथला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा देवाच्या हातातल्या चक्राकडे त्या बराच वेळ पाहत होत्या. विष्णूचं चक्र काम करून परत हाताशी येतं म्हणतात. काय मागितलं, हे मी विचारलं नाही.

तुमच्या घरातून कोणी सैन्यात, नौदलात गेलं असेल तर त्यांच्या आईला काय वाटलं, ते मला जरूर लिहून कळवा. वहिनींना वाचून दाखवीन.

भेटू पुढच्या अंकात.