शिसे परत येते; पण कोणत्या वाटेने?

‘चक्राकार अर्थव्यवस्था’ या शब्दाचे सध्या मोठे कौतुक चालले आहे. तिचा नमुना म्हणून शिसे-आम्लाच्या बॅटरीकडे बोट दाखविले जाते. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधलेल्या या बॅटरीतील शिसे पुन:पुन्हा वापरता येते व वापरलेही जाते, हे खरेच आहे. पण ते परत येते कोणत्या वाटेने?

आपल्याकडे त्यातील बराच भाग भंगाराच्या अड्ड्यांवरून येतो. कोयत्याने बॅटरी फोडायची, आम्ल गटारात ओतायचे, पाट्या उघड्या भट्टीत वितळवायच्या. धूर शेजारच्या वस्तीवर. युनिसेफ व ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आहे, आणि अशा भट्ट्या हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

विद्युत्-रसायनशास्त्राने दुसरी वाट दाखविली आहे. पाट्यांवरील लगद्यातले गंधक आधी काढून शिसे योग्य आम्लात विरघळवावे आणि द्रावणातून वीज सोडावी. धातू ऋणाग्रावर जमतो. हजार अंशांची भट्टी लागत नाही.

मग ही वाट ओस का? कारखाना उभारायला भांडवल लागते, विजेचे बिल भरावे लागते. उघड्या भट्टीचा मालक विषाची किंमत भरत नाही, म्हणून जुन्या बॅटरीला दोन पैसे जास्त देतो आणि माल त्याच्याकडेच जातो. खासगी उद्योग आपला खर्च समाजावर कसा ढकलतो, हे काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच ग्रंथरूपाने मांडले होते. आमच्या नियोजनकारांनी तो वाचला असेलही!

२००१ च्या नियमांनी उत्पादकांवर ९० टक्के बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. भट्ट्या विझल्या नाहीत. २०२२ च्या नियमांनी तर पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकत घेण्याची सोय करून दिली. म्हणजे जबाबदारीचाही बाजार!

विद्युत्-विघटनाचे कारखाने सार्वजनिक मालकीचे हवेत, आणि भंगार गोळा करणारे त्यांचे सभासद. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी आहे. या श्रमिकांना संघटना जमत नाही, असे कोणी सांगू नये. तोवर सरकारने निदान एवढे करावे : प्रमाणपत्र देताना शिशाचे किलो मोजतात, तसे भट्टीशेजारच्या मुलांचे रक्तही तपासावे आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.