न्यायासनाला पक्षाचा वारा नको

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने २८ जुलै २०२५ रोजी तीन नावांची शिफारस केली. त्यांत श्रीमती आरती साठे यांचे नाव होते. २०२३ साली त्या भारतीय जनता पक्षाच्या महाराष्ट्र शाखेच्या प्रवक्त्या झाल्या होत्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पक्ष सोडला होता. शिफारस जाहीर झाल्यावर विरोधी पक्षांनी मोठा गिल्ला केला. पक्ष सोडून दीड वर्ष लोटले, असे उत्तर सत्तापक्षाने दिले. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली आणि वाद जसा उठला तसाच विरून गेला. तो असा विरून जावा हे आम्हांस इष्ट वाटत नाही. एका विदुषीच्या योग्यतेचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही व तसा हेतूही नाही. त्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न मात्र व्यक्तीहून पुष्कळ मोठा आहे.

राजकारणाचा स्पर्श झालेला मनुष्य न्यायासनाला अपात्रच ठरतो काय? आमच्याच उच्च न्यायालयाचा इतिहास या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देतो. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि १८९५ मध्ये ते न्यायमूर्ती झाले. १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष नारायणराव चंदावरकर पाठोपाठ त्याच न्यायासनावर बसले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो तय्यबजींनी, आणि तो मागण्यासाठी टिळकांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर दावर. अकरा वर्षांनी, १९०८ साली, तेच दावर न्यायमूर्ती झालेले होते व त्यांनीच टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावली. मनुष्य काल कोणाच्या बाजूने उभा होता एवढ्यावरून तो उद्या कसा न्याय देईल हे सांगता येत नाही, असाच याचा अर्थ. केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळातील कृष्ण अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हाही साशंकांना हाच धडा मिळाला.

मग आजच ही शंका इतकी तीव्र का व्हावी? एक कारण जुने आहे. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला आणि लगेच शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. आणीबाणीत नागरिकाच्या स्वातंत्र्यासाठी एकटे उभे राहिलेले हंसराज खन्ना यांना १९७७ मध्ये तसेच डावलले गेले. त्या अनुभवाने पोळल्यामुळेच न्यायालयाने १९९३ मध्ये नेमणुकीची किल्ली आपल्या हाती घेतली आणि २०१५ मध्ये संसदेने केलेला नेमणूक आयोगाचा कायदा रद्द ठरवून ती आपल्याच हाती ठेवली. किल्ली सरकारच्या हातून सुटली हे ठीक झाले. परंतु ज्या खोलीत ती फिरते तिचे दार नागरिकाला अद्याप बंदच आहे.

दुसरे कारण नवे आहे, आणि ते न्यायालयाच्या बाहेरचे आहे. पक्षांना आता स्थिर आकारच राहिलेला नाही. पालघर जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. भाजपच्या या निष्ठावंत खासदाराचे पुत्र श्रीनिवास वनगा शिवसेनेचे उमेदवार झाले आणि काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपचे! गावित निवडून आले. २०१९ मध्ये जागा शिवसेनेकडे गेली, तर उमेदवारही जागेबरोबर शिवसेनेत गेला. २०२४ मध्ये जागा भाजपकडे परतल्यावर गावितही भाजपमध्ये परतले आणि त्याच वर्षी पुन्हा शिवसेनेत जाऊन पालघरचे आमदार झाले. यात कायद्याचा भंग कोठेही नाही. परंतु डहाणू-तलासरीच्या मतदाराने मत दिले ते विचाराला, माणसाला, की जागावाटपाच्या कागदाला?

राज्याच्या राजधानीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २०१९ ची पहाटेची शपथ, नंतरची महाविकास आघाडी, २०२२ मधील शिवसेनेची फूट, २०२३ मधील राष्ट्रवादीची फूट, हा क्रम वाचकांस पाठ आहे. प्रत्येक वळणावर पक्षांनी आपला तंटा न्यायालयाच्या पायरीवर आणून ठेवला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगणे समर्थनीय नव्हते असे म्हटले; मात्र ठाकरे यांनी आपण होऊन राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता येणार नाही, असेही म्हटले. अपात्रतेचा प्रश्न विधानसभाध्यक्षांकडे गेला, १० जानेवारी २०२४ रोजी कोणीच अपात्र नाही असा निर्णय झाला, आणि त्यावरील दाद अंतिमतः लागण्यापूर्वी नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी निवडणूक होऊन गेली. रोगी गेल्यावर औषधाची चिठ्ठी आली तरी तिचा उपयोग काय?

सत्ता जेव्हा मतपेटीत नव्हे तर निकालपत्रात ठरू लागते, तेव्हा निकालपत्र लिहिणारा हात कोणाचा, याची उठाठेव पक्ष करणारच. न्यायमूर्तींच्या नेमणुकीवरील भांडण हे कारण नसून परिणाम आहे, ते असे.

हा विषय वकिलांचा आणि पुढाऱ्यांचा, सामान्य माणसास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने चिंचणीच्या किनाऱ्यावर जावे. तेथून उत्तरेस वरोर आणि पुढे वाढवण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून डहाणू तालुक्याच्या पर्यावरणरक्षणासाठी एक प्राधिकरण नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे पुत्र आणि सर्वोदयाच्या संस्कारात वाढलेले. त्यांना मते नव्हती असे नाही. मते उघड होती, आणि निर्णय कारणांसह होते. त्यांच्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले, डहाणूच्या वीजकेंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावयास लावले. जानेवारी २०१९ मध्ये ते गेले. पुढे नव्या रचनेतील त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला संमती दिली. २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली व ३० ऑगस्टला पायाभरणी झाली.

नव्या प्राधिकरणावर आम्ही कसलाही हेत्वारोप करीत नाही. पंचवीस वर्षांत बंदराची आखणी बदलली, समुद्रात भराव घालून ते उभारण्याचे ठरले. निर्णय बदलण्यास कारणे असू शकतात. पण मच्छीमार, चिकूचा वाडीवाला आणि घरोघरी डायमेकिंगवर पोट भरणारा कारागीर यांना एवढेच दिसते की समुद्र तोच, आसन तेच, बसणारे बदलले आणि निकाल उलटला. त्यांच्या मनात येणारी शंका अन्यायाची असेल, तरी ती दूर करण्याची जबाबदारी त्यांची नव्हे. जे आसनावर माणसे नेमतात त्यांची आहे.

याच चिंचणीत १९५५ च्या सुमारास राष्ट्रकूटकाळचे ताम्रपट सापडले. इ. स. ९२६ चा एक ताम्रपट सांगतो की संजाण मंडलावर राष्ट्रकूट राजाने नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब, होता आणि त्याने एका मठाला जमीन दिली. पुढच्या काळातील दुसऱ्या पटात मठ आणि शेजारचे देवस्थान यांच्यातील जमिनीचा तंटा मिटवून ठरलेली व्यवस्था नोंदली आहे. नेमलेला मनुष्य कोणत्या कुळाचा याची त्या पटांना फिकीर नाही. काय ठरले ते मात्र तांब्यावर कोरले आहे. हजार वर्षांनंतरही कोणीही ते वाचावे!

आमच्या मागण्या यापेक्षा मोठ्या नाहीत. पक्षाचे पद भूषविलेल्या व्यक्तीने न्यायासनावर येण्यापूर्वी किती काळ लोटला पाहिजे, हे न्यायवृंदाने एकदा ठरवून जाहीर करावे आणि अशा शिफारशीची कारणे विस्ताराने प्रसिद्ध करावीत. नियम सर्व पक्षांना एकच असावा. आज ओरडणारे उद्या सत्तेत येतील तेव्हाही. पक्षांतराचे निवाडे अध्यक्षांच्या हातून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुचविले होते. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणाच्या प्रकरणात तीन महिन्यांची मुदत घालून देताना याच व्यवस्थेचा फेरविचार करण्याची विनंती संसदेला केली. ते काम संसदेचे आहे आणि संसदेत बसणाऱ्या एकाही पक्षाला त्याची घाई नाही, ही खरी दुःखाची गोष्ट.

पक्ष फुटतील, जुळतील, पुन्हा फुटतील. लोकशाही ते सोसू शकते. परंतु न्यायालयात हरलेला मनुष्य 'न्यायमूर्ती त्यांचे होते' असे म्हणत पायऱ्या उतरू लागला, तर त्यानंतर त्याने जावे कोठे, याचे उत्तर राज्यघटनेत कोठेही लिहिलेले नाही.