कापरेकरांना पदवी पुरली, मग पोरांना व्याख्यान का नको?



‘उच्च गणिताची पाहुणी व्याख्याने गावाकडच्या पोरांच्या डोक्यावरून जातात’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत हुलसूरच्या वाचकाला पटले नाही. डोक्यावरून जाते ते बहुधा फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्याचे व्याख्यान!

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. तरीही 6174 या संख्येची गंमत त्यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. 3524 घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: 5432 – 2345 = 3087. मग 8730 – 0378 = 8352, आणि 8532 – 2358 = 6174. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच येते. वजाबाकी चौथीतल्या मुलालाही जमते, ‘असे का?’ हा प्रश्न मात्र उच्च गणिताच्या दारात नेतो. व्याख्यात्याचे खरे काम तिथून सुरू होते.

असे व्याख्याते शोधायचे कुठे? गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभारली. हुलसूरच्या मुलांना पुणे लांब पडते, हे पत्रलेखकाचे म्हणणे मान्य. पण कलबुर्गीत गुलबर्गा विद्यापीठ आहे, आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथल्या गणिताच्या प्राध्यापकांना शाळांनी रीतसर पत्र लिहावे आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलण्याची विनंती करावी.

— एक वाचक, हुलसूर (जि. बिदर)